राजीनामा दिला आहे. आता बोलायचे की नाही?

‘मी सोडतेच आहे, मग आतले प्रकार सांगणे माझे कर्तव्य आहे का, आणि गप्प राहिले तर मीही त्यात सामील ठरते का?’ नोकरी सोडणाऱ्यांकडून हा प्रश्न मला वारंवार ऐकायला मिळतो. त्यांपैकी एका प्रसंगाबद्दल, संबंधित व्यक्तीच्या संमतीने आणि ओळखीचे तपशील बदलून, येथे लिहीत आहे.

मीनल (नाव बदलले आहे) एका औषध कंपनीच्या क्यूसी (गुणवत्ता नियंत्रण) विभागात वरिष्ठ पदावर होत्या. नोटीस पिरियडचे काही आठवडे उरले होते आणि झोप उडाली होती. गोळ्यांची मुदत ठरवताना त्यांचे नमुने 40 अंश सेल्सिअस तापमानात आणि 75 टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवून ठरावीक टप्प्यांवर तपासले जातात. मीनल यांच्या विभागात नमुन्यांचे चेंबर बंद पडलेल्या दिवसांचीही तापमाने रजिस्टरमध्ये होती, आणि ती सगळी एकाच शाईत, एकाच बैठकीत भरलेली दिसत होती. तीन महिन्यांच्या टप्प्यावरची एक चाचणी झालीच नव्हती, तरी तिचा निकाल कागदावर होता. गोळी रक्तदाबाची होती.

घरचे म्हणत होते, ‘सुटतेयस ना, मग कशाला वाकड्यात शिरतेस?’ रिलीव्हिंग लेटर अडेल आणि नवी नोकरी हातची जाईल, ही त्यांची भीती खोटी नव्हती. मीनल यांनी मात्र एक लांबलचक पत्र लिहून ठेवले होते आणि ते एक्झिट इंटरव्ह्यूच्या वेळी द्यायचे त्यांच्या मनात होते. त्यात रखडलेली बढती होती, व्यवस्थापकांनी सर्वांसमोर केलेला पाणउतारा होता, सुट्ट्या नाकारल्याचा हिशेब होता आणि शेवटून दुसऱ्या परिच्छेदात रजिस्टरचा विषय होता. स्वतः पाहिलेल्या गोष्टींखाली रेघ ओढा आणि ऐकीव गोष्टींना कंस करा, असे मी सुचवले. रेघांचा मजकूर अर्ध्या पानात मावला. तो पुन्हा वाचून त्या म्हणाल्या, ‘एवढंच आहे, पण हे खरंच गंभीर आहे.’

त्यांना सर्वांत जास्त छळत होती ती स्वतःच्या हेतूबद्दलची शंका. आपण सूड तर उगवत नाही ना? माझे मत स्पष्ट आहे : राग असतोच, आणि हेतू पूर्ण निर्मळ होण्याची वाट पाहायची ठरवली तर कोणीच कधी बोलणार नाही. विचारायचे ते एवढेच, की राग बाजूला काढल्यावर उरलेली गोष्ट खरी आहे का, आणि गप्प राहिल्याने कोणाचे नुकसान पुढेही चालू राहणार आहे का. पाणउतारा मीनल यांच्याबरोबरच संपणार होता. गोळी मात्र त्या गेल्यावरही दुकानात जाणार होती. माझ्या दृष्टीने कर्तव्य उभे राहते ते इथे, आणि राजीनाम्याने ते निर्माणही होत नाही की फिटतही नाही.

दुसरी अडचण मला अधिक अवघड वाटली. नोंदींवर सह्या एका कनिष्ठ मुलाच्या होत्या, ज्याला कामाला लागून वर्षही झाले नव्हते. तक्रार झाली तर बळी त्याचाच जाईल, हे मीनल जाणून होत्या. यावर आम्ही बराच वेळ घालवला. शेवटी त्यांनी निवेदनात सही कोणाची हे सांगण्याआधी सूचना कोणी आणि केव्हा दिली हे लिहिले, कारण ते त्यांच्यासमोर घडले होते.

कायद्याची बाजू त्यांनी वकिलांकडून समजून घेतली. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असल्याने 2013 च्या कंपनी कायद्यानुसार तिथे दक्षता यंत्रणा, म्हणजे गैरप्रकारांची तक्रार कंपनीतच नोंदवण्याची सोय, असणे बंधनकारक होते, आणि अपवादात्मक प्रकरणी लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांपर्यंत थेट जाता येत होते. कायद्याने ही सोय संचालक व कर्मचारी यांच्यासाठी ठेवली आहे. म्हणून नोटीस पिरियड संपण्याआधी लिहिणे त्यांच्या हिताचे होते. 2014 चा जागल्या (गैरप्रकार उघड करणाऱ्या व्यक्ती) संरक्षण कायदा लोकसेवकांविरुद्धच्या तक्रारींचा असल्याने त्यांना उपयोगाचा नव्हता. कागदांचे फोटो काढून घरी नेण्याचा मोह वकिलांच्या सांगण्यावरून त्यांनी टाळला आणि तारखा व बॅच क्रमांक आठवतील तसे स्वतःच्या वहीत लिहून काढले.

‘मी काही दिनेश ठाकूर नाही,’ असे त्या एकदा म्हणाल्या. ठाकूर यांनी 2005 मध्ये रॅनबॅक्सी ही औषध कंपनी सोडली आणि त्यानंतर अमेरिकी औषध नियामकांना माहिती दिली. कंपनीने गुन्हा कबूल करून 50 कोटी डॉलर देण्याचे मान्य केले ते 2013 मध्ये. इतका दीर्घ लढा प्रत्येकाने अंगावर घ्यावा असे मी कोणालाही सांगणार नाही. आपण पाहिलेले योग्य त्या ठिकाणी, लेखी आणि नावानिशी पोहोचवणे एवढे मात्र बहुतेकांना जमण्यासारखे असते.

एक्झिट इंटरव्ह्यूमध्ये मीनल बढतीबद्दल बोलल्या. ते अर्धे पान त्याच आठवड्यात समितीच्या अध्यक्षांकडे गेले. पोच आली, पुढे काही हालचाल दिसली नाही, तेव्हा स्वतःच ठरवलेली मुदत संपल्यावर त्यांनी तोच मजकूर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे दिला. तोवर रिलीव्हिंग लेटर हाती आले होते. नव्या ठिकाणी, जुनी नोकरी का सोडली असे विचारले गेले, तेव्हा त्यांनी कामाच्या पद्धतीबद्दल मतभेद होते इतकेच सांगितले. खोलात जाण्याची ती जागा नव्हती.