पिकअप मागून बसते, पाटे वाढवू की एअरबॅग (सस्पेन्शनची हवेची पिशवी) टाकू?

प्रश्न: माझ्या पिकअपला मागे पाटे (पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) आहेत. माल भरून वर ट्रेलर जोडला की गाडी मागून पार बसते, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातात, स्टिअरिंग हलकं लागतं. काय करू?

उत्तर: दादा, आधी भरलेली गाडी काट्यावर घाला, पुढचा आणि मागचा एक्सल वेगवेगळा. कारण पाटे वाढवले काय किंवा एअरबॅग टाकली काय, गाडीची पासिंगची वजनमर्यादा तेवढीच राहते, एक्सल, ब्रेक, टायर तेच असतात ना, आणि लोक नेमकं हेच विसरतात म्हणून परत सांगतोय. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण 10 ते 15 टक्के भार हुकवर येतो, म्हणजे 1000 किलोच्या ट्रेलरचा 100 ते 150 किलो, आणि तो पेलोडमध्येच, म्हणजे गाडीला चालणाऱ्या मालाच्या वजनातच धरायचा.

वजन मर्यादेत असूनही बसत असेल तर जुने पाटे बघा, तडा किंवा चपटेपणा दिसला तर आधी तेच बदला. रोजच एकसारखा लोड असेल तर जादा पाटा बरा, फक्त रिकामी गाडी आदळते. लोड कमीजास्त होत असेल तर मी एअरबॅगच म्हणेन, हवा लोडप्रमाणे कमीजास्त करता येते, पण रिकामी असतानाही कंपनीने सांगितलेली किमान हवा ठेवायचीच, नाहीतर बॅग चिमटून फाटते. स्टिअरिंग हलकं लागणं मात्र नुसत्या एअरबॅगने पूर्ण जात नाही, मागची उंची वाढते पण पुढच्या चाकांवर वजन फारसं परत येत नाही, त्यासाठी माल मागच्या एक्सलच्या पुढे सरकवा किंवा पुढच्या-मागच्या चाकांवर वजन वाटून देणारा हिच (ट्रेलरची जोडणी) लावा. आणि पाटे एक्सलला धरणारे यू बोल्ट काढलेच तर नवीनच टाका, थोडं चालवून परत ठरलेल्या टॉर्कला (जोराला) आवळा.