पावसाच्या आकड्यांच्या टेक्स्ट फाइली नेटसीडीएफमध्ये कशा बदलाव्यात?

आपल्याकडे विदर्भातील बारा पर्जन्यमापन केंद्रांच्या रोजच्या पावसाचे १९८१ ते २०२० या चाळीस वर्षांचे आकडे साध्या टेक्स्ट फाइलींत आहेत, मार्गदर्शकांनी ते नेटसीडीएफ या हवामानशास्त्रात वापरल्या जाणाऱ्या फाईल-प्रकारात मागितले आहेत आणि त्यासाठी कोणता प्रोग्रॅम वापरावा, असे आपण विचारले आहे. नागपुरात अशाच नोंदींवर मी काही वर्षे काम करत आलो आहे आणि त्या अनुभवावरून सांगतो की प्रोग्रॅमची निवड हा यातला सर्वांत सोपा भाग आहे. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत असेल तर तिच्यातील पांडास या तक्ते हाताळणाऱ्या संचाने फाईल वाचावी, एक्सअरे या नेटसीडीएफ लिहू शकणाऱ्या संचात न्यावी आणि एका ओळीत जतन करावी. प्रोग्रॅम लिहायचा नसेल तर नेटसीडीएफसोबतच मिळणारे एनसीजेन हे साधन सीडीएल या साध्या मजकुरी वर्णनातून थेट बायनरी, म्हणजे फक्त प्रोग्रॅमलाच वाचता येणारी, फाईल तयार करते.

जागा वाचेल या अपेक्षेने हे करत असाल तर मात्र निराशा होईल. चाळीस वर्षांचे १४,६१० दिवस आणि बारा केंद्रे मिळून १,७५,३२० आकडे होतात. प्रत्येकी चार बाइट धरले तरी सात लाख बाइटांच्या आसपास, आणि एवढा मजकूरही आजच्या संगणकाला जड नाही. खरा लाभ असा की एकक, केंद्राचे अक्षांश-रेखांश, कालगणना आणि गहाळ नोंदींची खूण हे सारे आकड्यांबरोबर एकाच फाईलमध्ये राहते. अर्थात ते आपण नीट भरले तरच.

सर्वाधिक काळजी गहाळ नोंदींची घ्यावी. माझ्याकडे आलेल्या एका फाईलमध्ये नोंद नसलेल्या दिवसापुढे उणे ९९.९ लिहिलेले होते आणि मी ते तसेच चार बाइटांच्या दशांश संख्येत साठवले. एक तृतीयांश जसा दशांशात पुरता लिहिता येत नाही, तसा ९९.९ हा आकडा द्विमान पद्धतीत पुरता मावत नाही. चार बाइटांत तो सुमारे ९९.९००००१५ होतो. पुढच्या प्रोग्रॅमने तो आठ बाइटांत वाचून उणे ९९.९ शी ताडून पाहिला, तेव्हा दोन्ही जुळले नाहीत, त्यामुळे गहाळ दिवस पाऊस म्हणून बेरजेत शिरले. एका जुलैत असे तीन दिवस होते आणि महिन्याच्या पावसातून २९९.७ मिलिमीटर निमूटपणे वजा झाले. टेक्स्ट फाईल उघडली असती तर ही चूक डोळ्यांना दिसली असती; बायनरी फाईल तशी उघडून वाचता येत नाही. म्हणून वाचतानाच अशा नोंदी गहाळ म्हणून ओळखाव्यात आणि नव्या फाईलमध्ये फिलव्हॅल्यू, म्हणजे गहाळ नोंदीची खूण, म्हणून उणे ९९९९ सारखी पूर्ण संख्या द्यावी, कारण ती चार बाइटांतही तंतोतंत मावते. शून्य पाऊस आणि न घेतलेली नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मूळ फाईलमधील रिकाम्या रकान्यांबाबत विशेष लक्षात ठेवावे.

तारखांबाबतही थोडे थांबावे लागते. ०७/०६ म्हणजे सात जून की सहा जुलै, हे प्रोग्रॅमच्या अंदाजावर सोडू नये. पांडास आपणहून महिना आधी धरतो, आणि मृगाचा पाऊस जुलैत जातो. नेटसीडीएफमध्ये वेळ बहुधा एखाद्या दिवसापासूनच्या अंतराने मांडतात; १ जानेवारी १९८१ हा शून्य धरला तर १५ जुलै १९८१ हा १९५ होतो. आपल्याकडे पावसाची नोंद सकाळी साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांची असते, म्हणजे १४ तारखेच्या रात्री कोसळलेला पाऊस १५ तारखेच्या नावावर पडतो. हे फाईलमधील पावसाच्या व्हेरिएबलच्या, म्हणजे त्या आकड्यांच्या संचाच्या, वर्णनात स्पष्ट लिहावे, नाहीतर उपग्रहाच्या आकड्यांशी तुलना करताना एक दिवसाचा घोळ होतो.

अक्षांश आधी, रेखांश नंतर, हेही तपासावे. नागपूर २१.१ उत्तर आणि ७९.१ पूर्व येथे आहे. अदलाबदल झाली तर आपले केंद्र थेट आर्क्टिकमधील स्वालबार्डमध्ये जाऊन पोहोचते.

जुन्या नोंदवह्यांवरून टंकलेल्या फाइलींत कधी कधी देवनागरी अंकही सापडतात. मजकुराची संख्या करणारे पायथनचे फ्लोट हे फंक्शन ४३.२ हे देवनागरीतही बिनतक्रार वाचते, पण पांडास तो स्तंभ मजकूर म्हणूनच ठेवतो, तेव्हा त्या स्तंभावर फ्लोट स्वतंत्रपणे चालवावे.

फाईल तयार झाली की एनसीडंप या नेटसीडीएफसोबतच मिळणाऱ्या साधनाने तिचे शीर्षवर्णन पाहावे. मग प्रत्येक केंद्राची प्रत्येक वर्षाची बेरीज नव्या फाईलवरून काढून मूळ टेक्स्टवरून वेगळ्या प्रोग्रॅमने काढलेल्या बेरजेशी दशांशाच्या एका स्थळापर्यंत ताडून पाहावी. बारा केंद्रांच्या ४८० बेरजा जुळेपर्यंत मूळ टेक्स्ट फाइली पुसू नयेत.