डब्याच्या आत बघा : ऑइल फिल्टरविषयी वाचकांचे प्रश्न

पाऊस ओसरला की दिवाळीच्या प्रवासाआधी गाड्या सर्व्हिसिंगला येतात आणि तेच तेच प्रश्न कानावर पडतात. या वेळी बहुतेक पत्रं ऑइल फिल्टरची आहेत, म्हणून बाकीचे विषय पुढच्या वेळी.

पुण्याच्या धायरीहून एक वाचक विचारतात : माझ्या पेट्रोल हॅचबॅकसाठी दुकानदाराने तीन फिल्टर पुढे ठेवले. गाडीच्या कंपनीचा १२० रुपयांचा, एका नावाजलेल्या ब्रँडचा १९० चा आणि आयात केलेला 'सिंथेटिक' ६५० चा. गाडी वर्षाला साधारण ९ हजार किलोमीटर चालते, तीही रोज सिंहगड रोडनेच. कोणता घेऊ?

तिन्ही फिल्टर हातात घ्या आणि उलटे करून बघा. मधलं मोठं भोक आट्यांचं, त्यातून गाळलेलं ऑइल इंजिनात जातं. भोवतीच्या बारीक भोकांतून न गाळलेलं ऑइल आत येतं. या बारीक भोकांच्या मागे एक रबरी पडदा दिसेल. काडीने हलकेच दाबा. तो लवचिकपणे मागे जाऊन परत जागेवर बसला पाहिजे. इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधलं ऑइल खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीत, उतरू नये, हे त्याचं काम. काळा पडदा साध्या नायट्राइल रबराचा असतो. लाल किंवा केशरी असेल तर बहुधा सिलिकॉनचा, तो उष्णतेने लवकर कडक होत नाही.

दुसरा भाग बाहेरून नीट दिसत नाही, तो म्हणजे बायपास व्हॉल्व्ह. थंडीत शिवाजीनगर-पाषाणला पारा १० च्या खाली जातो, अशा सकाळी ऑइल घट्ट असतं आणि फिल्टरमधल्या गाळणाऱ्या कागदातून पटकन जात नाही. कागद चोंदला तरी तेच होतं. अशा वेळी हा व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल न गाळताच पुढे जातं, कारण बेअरिंगला कोरडं ठेवण्यापेक्षा मळकं ऑइल परवडतं. तो किती दाबाला उघडावा हे इंजिनागणिक ठरतं. काही इंजिनांत तो फिल्टरमध्ये नसून ब्लॉकमध्येच असतो. म्हणून मापाला बसणारा प्रत्येक फिल्टर तुमच्या इंजिनाचा नसतो. पार्ट नंबर जुळवूनच घ्या.

तुमच्यासाठी माझं उत्तर : १२० चा घ्या. ६५० चा फिल्टर वाईट नाही, पण त्याचा खरा उपयोग १५ हजार किलोमीटर टिकणारं फुल सिंथेटिक ऑइल वापरणाऱ्याला. उरलेले पैसे ऑइल लवकर बदलण्यात घाला. सिंहगड रोडच्या गर्दीत ताशी १५ ची सरासरी धरली, तर ९ हजार किलोमीटर म्हणजे इंजिन ६०० तास चाललं. हायवेवर ताशी ६० ने हेच अंतर १५० तासांत होतं. मीटरवर आकडा एकच, पण ऑइलने सोसलेले तास चौपट. तुम्ही ७ हजारांवर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला.

पिंपळे सौदागर : एका खोक्यावर १० मायक्रॉन लिहिलंय, दुसऱ्यावर २०. म्हणजे १० वाला दुप्पट चांगला ना?

नाही. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, कणाचं माप. त्या आकड्यापुढे टक्केवारी नसेल तर त्याला अर्थ नाही. १० मायक्रॉनचे शंभर कण आले आणि पन्नास अडकले, तरी खोक्यावर '१० मायक्रॉन' छापता येतं. दुसरा फिल्टर २० मायक्रॉनचे ९९ टक्के कण अडवत असेल, तर मी डोळे मिटून तोच घेईन. ही टक्केवारी मोजायची पद्धत ठरलेली आहे : आयएसओ ४५४८-१२. त्यात धूळ मिसळलेलं ऑइल फिल्टरमधून पुन्हा पुन्हा फिरवतात आणि आधीचे-नंतरचे कण मोजतात. ज्या कंपनीच्या माहितीपत्रकात या चाचणीचा आकडा टक्केवारीसकट दिलेला असतो, तिच्यावर माझा विश्वास जास्त.

वाकड : सकाळी पहिल्यांदा स्टार्ट केल्यावर दोन-तीन सेकंद खडखड येते, मग शांत. दिवसभर पुन्हा नाही. गॅरेजवाले टायमिंग चेन बदला म्हणतात.

चेनचा खर्च करण्याआधी फिल्टर बदलून बघा. तुमच्या इंजिनावर फिल्टर आडवा बसतो असं तुम्ही लिहिलंय. अशा ठिकाणी तो रबरी पडदा कडक झाला, की रात्रभरात फिल्टर रिकामा होतो. सकाळी ऑइल पंप आधी तो भरतो आणि मग दाब वर पोचतो. तोवर चेन ताणून धरणारा टेन्शनर आणि व्हॉल्व्ह उघडणारे टॅपेट कोरडे वाजतात. सिलिकॉन पडद्याचा फिल्टर लावा, ऑइलचा ग्रेड मॅन्युअलप्रमाणेच ठेवा. आठ-दहा सकाळी कान देऊन ऐका. तरीही आवाज राहिला तर मग चेन आणि टेन्शनर तपासा.

कोथरूड : ऑइल दर वेळी, फिल्टर एकाआड एक वेळी बदलला तर चालेल का?

नको. जुन्या डब्यात दीड-दोनशे मिली काळं ऑइल राहतंच, ते नव्यात मिसळतं. शे-सव्वाशे रुपयांसाठी हे करू नका.

हडपसर : माझी डिझेल गाडी आहे. तिच्यात डबा नसून नुसता कागदी फिल्टर आहे. तो गॅरेजमध्ये खरंच बदलतात का हे कसं कळणार?

योग्य शंका आहे. डब्याच्या फिल्टरमध्ये काही चुकलं तर बहुधा गळती दिसते. कागदी कार्ट्रिजमध्ये चूक आत लपते. चुकीच्या उंचीचा कागद बसवला, तर ऑइल त्याच्या कडेने न गाळता निघून जातं. खाली एक थेंब पडत नाही, डॅशबोर्डवरचा ऑइलचा दिवाही लागत नाही. म्हणून जुना कागद मागून घ्या आणि नव्याशेजारी उभा करून उंची आणि मधलं भोक जुळवा. पाकिटात ओ-रिंग, म्हणजे झाकणाचं गोल रबर, येते, तीही बदललीच पाहिजे. झाकण प्लास्टिकचं असेल तर ते किती घट्ट करायचं हे बहुधा त्यावरच कोरलेलं असतं, बऱ्याच झाकणांवर २५ न्यूटन-मीटर. लांब पान्याने जोर लावला की चीर जाते आणि ती पुढच्या सर्व्हिसिंगला उघड होते. काम चालू असताना दहा मिनिटं शेजारी उभे राहा. चांगला मेकॅनिक त्याचं वाईट वाटून घेत नाही.

सांगवी : काका म्हणतात मोठ्या गाडीचा फिल्टर लाव, जास्त ऑइल मावतं. आटे तर बसतात.

आटे 'बसतात' इथेच धोका आहे. फिल्टरमध्ये दोन मापं सर्रास आढळतात : २० मिमी, दीडचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर दीड मिमी), आणि पाऊण इंच, इंचाला १६ आटे. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी. २० चा फिल्टर इंजिनावरच्या पाऊण इंची स्टडवर (आटेदार दांड्यावर) चढतो, फिरतो आणि घट्ट झाल्यासारखाही वाटतो. काही वर्षांपूर्वी चांदणी चौकाजवळून टो करून आमच्याकडे एक गाडी आली. एका गॅरेजने असाच फिल्टर लावलेला. शहरात तो टिकला, हायवेला दाब वाढल्यावर सुटला. बोनेट उघडलं तर आतली बाजू सगळी ऑइलने न्हालेली आणि इंजिन जाम. गाडीमालकाने दिवा बघितला होता, पण 'पुढच्या पंपावर थांबू' म्हणाले. ऑइलचा लाल दिवा लागला की तिथल्या तिथे इंजिन बंद करा. काकांचा हेतू चांगला आहे, पण मूळ मापाचाच फिल्टर लावा.

लावतानाही दोन गोष्टी सांभाळा. जुन्याचं रबर इंजिनाला चिकटून राहिलं नाही ना, हे बोट फिरवून बघा. एकावर एक दोन रबरं आली की गळती नक्की. नव्या रबराला बोटाने ऑइल लावा, टेकेपर्यंत फिरवा, मग डब्यावर लिहिल्याप्रमाणे साधारण पाऊण फेरा हातानेच.

रास्ता पेठ : नाना पेठेतून घेतलेला फिल्टर नकली असावा असं वाटतं. खोकं तर अगदी हुबेहूब आहे.

नाना पेठेत पिढ्यान् पिढ्या सचोटीने स्पेअर पार्टचा धंदा करणारी दुकानं आहेत. पक्कं बिल मागा. बिल द्यायला कुरकुर झाली की दुसरीकडे जा. खोकं आणि होलोग्राम दोन्हींची नक्कल होते, त्यामुळे शंका असेल तर फिल्टर कापूनच बघावा लागतो. आम्ही असा एक कापला होता. कागदाच्या चुण्या इतक्या विरळ की मधून बोट जात होतं. कागदाचा सांधा अर्धा उघडा होता, आणि बायपासच्या जागी नुसती स्प्रिंग, तिच्यावर पत्र्याची टिकली.

वापरलेला फिल्टरही असाच कापून बघत जा. करवतीने नको, तिचा चुरा आत पडतो आणि नको ती शंका येते. पत्रा कापायचा कटर वापरा, कागद निथळू द्या आणि उन्हात उलगडून चुंबक फिरवा. करडी, पिठासारखी बारीक भुकटी नेहमीची असते. नखाएवढ्या चकत्या दिसल्या, त्या तांबूस असल्या आणि चुंबकाला चिकटल्या नाहीत, तर त्या बेअरिंगच्या असू शकतात. मग गाडी स्टार्ट न करता टो करूनच गॅरेजला न्या.