काढून टाकण्याचे बटण तुझ्या हाती येईल तेव्हा

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे लांबलचक पत्र दोनदा वाचले. नदीतल्या वाळूउपशाची छायाचित्रे टाकणारे तुमच्या गटाचे समाजमाध्यमावरचे पान एका रात्रीत दिसेनासे झाले, तीन वर्षांचे काम गेले आणि कंपनीकडून हाती आली ती एवढीच ओळ, की ‘तुमच्या मजकुराने आमच्या समुदाय मानकांचे उल्लंघन केले आहे’. कोणते छायाचित्र, कोणते मानक, तक्रार कोणाची, कशाचाच पत्ता नाही. दाद मागण्याचे बटण दाबले की पुन्हा तीच ओळ. आता तू आणि तुझे तिघे मित्र मिळून स्वतःचे व्यासपीठ उभारणार आहात, ‘जिथे कोणाचेही काहीही काढले जाणार नाही’. तुझा संताप मला पटतो, उमेदही पटते. अवतरणातले ते अर्धे वाक्य मात्र पटत नाही, आणि हे पत्र मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

आधी पान काढले कोणी, याचा विचार कर. तू पत्रात सरसकट ‘सेन्सॉरशिप’ म्हणतेस, पण सरकारने मजकूर बंद करणे, कंपनीने आपल्या अटींवर बोट ठेवून तो काढणे आणि संघटित टोळक्याने तक्रारींचा पाऊस पाडून तो काढायला लावणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यावरचे उपायही वेगळे आहेत. पान जाण्याच्या आठवड्यात त्यावर नव्याने उघडलेली, चेहरा नसलेली शंभरेक खाती घिरट्या घालत होती असे तूच लिहिले आहेस. त्यावरून माझा तर्क तिसऱ्या प्रकाराकडे झुकतो. पण तो तर्कच राहणार, कारण खात्रीने सांगू शकेल असा कागद तुमच्याकडे नाही.

सरकारी वाटेचे कायदेशीर नाव माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९अ. देशाची सुरक्षा, परराष्ट्रांशी संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था अशी मोजकी कारणेच तिथे चालतात, आदेश सकारण आणि लेखी असावा लागतो, आणि तो न पाळणाऱ्या मध्यस्थाला (म्हणजे दुसऱ्यांचा मजकूर लोकांपर्यंत पोहोचवणाऱ्या व्यासपीठाला) सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र या कलमाखालच्या २००९ च्या नियमांपैकी सोळावा नियम या साऱ्या व्यवहाराबाबत गुप्तता पाळायला सांगतो, त्यामुळे ज्याचे लिखाण गेले त्याच्या हाती तो आदेश सहसा पडतच नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये, तू शाळेत असशील तेव्हा, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्या बंदविषयी फेसबुकवर लिहिणाऱ्या पालघरच्या एका मुलीला आणि त्या पोस्टला लाइक करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला अटक झाली. त्यातून उभ्या राहिलेल्या श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी त्याच कायद्याचे, ‘आक्षेपार्ह’ ऑनलाइन मजकुराला शिक्षा देणारे कलम ६६अ रद्द केले; ६९अ मात्र कायम ठेवले, कारण तिथे कारणे लिहून ठेवावी लागतात आणि लेखी कारणांना न्यायालयात आव्हान देता येते. कारण लिहायचे पण दाखवायचे नाही, ही आपल्याकडची खास तडजोड आहे. पुढे ट्विटरने अशा आदेशांविरुद्ध कर्नाटक उच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा जून २०२३ मध्ये याचिका फेटाळली गेली आणि वर ५० लाख रुपयांचा भुर्दंड बसला. तुमच्या चौघांच्या बचतीत तो आकडा कुठे बसतो ते पाहून ठेव.

आता तुमच्या योजनेतल्या तांत्रिक भागाविषयी. कोड लिहिणे तुम्हाला जमेल, त्याची मला काळजी नाही. पण व्यासपीठ आपले म्हणायचे तर त्याखाली काय काय दुसऱ्याचे आहे ते कागदावर मांडून पाहा: डोमेन (म्हणजे इंटरनेटवरचे पत्त्याचे नाव), सर्व्हरची जागा, ॲप स्टोअर, वर्गणी घेण्याची सोय. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या संसदभवनावरील हल्ल्यानंतर पार्लर या मजकुराला फारसा चाप न लावणाऱ्या व्यासपीठाला गूगल, ॲपल आणि ॲमेझॉन या तिघांनी तीन-चार दिवसांत दार दाखवले, आणि ते महिनाभर बंद पडले. पार्लरविषयी मला यत्किंचितही ममत्व नाही. पण तीन कंपन्यांनी मनात आणले की काय होते ते तिथे लख्ख दिसले. दुसरे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. मॅस्टोडॉन हे ट्विटरसारखे, पण अनेकांनी आपापल्या सर्व्हरवर चालवलेले जाळे; त्यातल्या समलिंगी आणि पारलिंगी मंडळींच्या एका सर्व्हरने गंमत म्हणून ‘.एएफ’ या शेपटीचे नाव घेतले होते. ती शेपटी अफगाणिस्तानची. फेब्रुवारी २०२४ मध्ये तालिबानच्या राजवटीने ते नाव काढून घेतले आणि सर्व्हर धडधाकट असूनही त्याचा पत्ताच नाहीसा झाला. नाव घेताना ते किती नेटके वाटते हे पाहण्याआधी ते कोणाच्या ताब्यात आहे हे पाहायचे असते.

कू या ट्विटरसारख्या भारतीय ॲपची आठवण तू काढली आहेस, म्हणून त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. २०२० मध्ये ते सुरू झाले, त्याच वर्षी केंद्र सरकारच्या आत्मनिर्भर ॲप स्पर्धेत निवडले गेले, मराठीसह अनेक भारतीय भाषांत ते होते, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये शेतकरी आंदोलनाशी संबंधित खाती बंद करण्यावरून सरकार आणि ट्विटर यांच्यात जुंपली, तेव्हा मंत्री आणि सरकारी खाती तिकडे वळल्याने त्याला एकदम भरती आली. त्याच वर्षी जूनमध्ये नायजेरियाने ट्विटरवर बंदी घातली, तिथेही कू पोहोचले आणि तिथल्या सरकारने त्यावर खाते उघडले. म्हणजे ज्याला आपण पर्यायी व्यासपीठ म्हणत होतो, त्याच्या भरतीचे मोठे कारण सरकारांची मुख्य व्यासपीठावरची नाराजी हे होते! मराठीत पहिल्यांदा लिहू लागलेली काही माणसे मी तिथे पाहिली आहेत, त्यामुळे त्याची थट्टा मला करवत नाही. पण नाराजी ओसरली, मंडळी परतली, भांडवल आटले, विक्रीची बोलणी फिसकटली आणि जुलै २०२४ मध्ये संस्थापकांनी ते बंद केले. समाजमाध्यमाचे ॲप चालते ठेवण्याचा तांत्रिक खर्च फार असतो हेही त्यांनी निरोपाच्या पत्रात लिहिले. रुसून आलेली माणसे रुसवा जाईपर्यंतच राहतात. तुमच्या पानाचे वाचक नव्या जागी येतील ते वाळूउपशाच्या बातमीसाठी, तुमच्यावरच्या अन्यायासाठी नव्हे, एवढे गृहीत धरून हिशेब मांड.

माझा स्वतःचा अनुभव तुला कधी सांगितला नाही, कारण तो फारसा भूषणावह नाही. ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयातले वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद झाले. नाझी सलामी न देता हाताची घडी घालून उभ्या असलेल्या एका जर्मन माणसाचे प्रसिद्ध छायाचित्र त्यांनी लावले होते, तेवढे निमित्त झाले. त्या रागात बरेच भारतीय मॅस्टोडॉनवर गेले. आम्ही सहा जणांनीही एक छोटा मराठी सर्व्हर उभा केला. तीनशेच्या आसपास माणसे जमली. पहिला महिना फार सुंदर गेला.

एका रात्री पावणेबाराला एका बाईंचा फोन आला. कोणीतरी त्यांचा फोटो, मोबाईल नंबर आणि खाली एक गलिच्छ ओळ आमच्या सर्व्हरवर टाकली होती. त्यांना परक्या पुरुषांचे फोन येऊ लागले होते. मी अंथरुणातूनच ती पोस्ट काढली. चार मिनिटे लागली असतील. त्या चार मिनिटांत ‘कोणाचेही काहीही काढले जाणार नाही’ हे आमचे ब्रीद संपले, आणि ते संपले याचे मला आजही वाईट वाटत नाही.

वाईट वाटते ते पुढच्या गोष्टीचे. दोन आठवड्यांनी आमच्यातल्याच एका कवीमित्राने एका स्थानिक पुढाऱ्यावर खोचक कविता टाकली. दुसऱ्या दिवशी एका अनोळखी माणसाचा निरोप आला, की ती काढा, नाहीतर पाहून घेऊ. मी घाबरलो. सर्व्हर माझ्या नावावर, पैसे माझ्या कार्डावरून जात, घरी म्हातारी आई. मी कविता काढली, आणि मित्राला सांगितलेही नाही. त्याला वाटले आपल्याच हातून पुसली गेली असेल, म्हणून त्याने ती पुन्हा टाकली; मी पुन्हा काढली. तिसऱ्यांदा त्याने मला विचारले, “काढलीस का रे तू?” माझ्याकडे दाखवायला नियम नव्हता, नोंद नव्हती, कारणही नव्हते. ज्या कंपनीच्या नावाने आम्ही बोटे मोडत होतो, तिच्याकडे निदान ती एक यांत्रिक ओळ तरी होती. मित्र सर्व्हर सोडून गेला, मागोमाग आणखी काही गेले, आणि टाळेबंदीच्या आधीच आम्ही दुकान आवरले.

म्हणून सांगतो, की मजकूर काढावा लागणार आहे आणि काढणारे हात तुझे असणार आहेत. तुमच्या पानाच्या बाबतीत मला सर्वांत जास्त खुपते ते मजकूर काढला याच्यापेक्षा तो कसा काढला ते: पूर्वसूचना नाही, कारण नाही, दाद नाही, काढणाऱ्याचे नाव नाही. कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी याच चार गोष्टी तुमच्या व्यासपीठावर कशा असतील ते लिहून काढा. कोणता मजकूर विचारपूस न करता तत्काळ जाईल (कोणाचा खासगी फोटो, पत्ता, लहान मुलांविषयीचे काही), कोणता मजकूर न्यायालयाच्या किंवा सरकारच्या रीतसर आदेशाशिवाय हलणार नाही, निर्णय एकट्याचा असेल की दोघांचा, आणि त्या निर्णयावर ज्याने तो घेतला नाही असा कोण फेरविचार करेल. इथे श्रेया सिंघल निकालाचा दुसरा भाग उपयोगी पडतो: बेकायदा म्हटलेला मजकूर काढण्याचे बंधन मध्यस्थावर येते ते न्यायालयाच्या आदेशाने किंवा सरकारच्या अधिसूचनेने, कुणी धमकीवजा निरोप पाठवला म्हणून नव्हे. हे मला तेव्हा ठाऊक असते तर कदाचित कविता राहिली असती. कदाचितच, कारण भीतीला कलमे समजत नाहीत.

मध्यस्थांसाठीचे २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम मुळातून वाच आणि त्यातल्या नंतरच्या दुरुस्त्याही वाच, कारण मुदती बदलत राहतात. ५० लाख नोंदणीकृत वापरकर्त्यांच्या वरच्या व्यासपीठांसाठीची जड कलमे तुम्हाला लागू होणार नाहीत, पण तक्रार अधिकाऱ्याचे नाव जाहीर करणे लहानांनाही चुकत नाही. ते नाव चौघांपैकी कोणाचे, हे आजच ठरवा. त्या नावाच्या माणसाला रात्री फोन येतात.

शिवाय, सगळे नव्याने बांधण्याचा हट्ट सोड. मॅस्टोडॉन ज्या ॲक्टिव्हिटीपब या सामायिक नियमावलीवर चालते ती २०१८ पासून मान्यताप्राप्त मानक आहे; तिच्यावर सर्व्हर चालवला तर तुमचा वाचक दुसऱ्याच्या सर्व्हरवरूनही तुम्हाला वाचू शकतो, आणि तुमच्याशी पटले नाही तर आपले फॉलोअर घेऊन जाऊ शकतो, जुन्या पोस्ट मात्र मागे राहतात. एप्रिल २०२५ मध्ये तुर्कस्तान सरकारच्या मागणीवरून ब्लूस्काय या वेगळ्या, पण तशाच खुल्या नियमावलीवर चालणाऱ्या व्यासपीठाने काही खाती तिथल्या वाचकांपासून झाकली, तेव्हा ब्लूस्कायच्याच जाळ्यावर इतरांनी बनवलेल्या काही ॲपमधून ती दिसत राहिली. तुमचाच निर्णय चुकला तर लोकांना दुसरी खिडकी उरावी, एवढी सोय अशा खुल्या जाळ्यात आहे.

पैशांबद्दल थोडे जुने सांगतो. ‘केसरी’त सामाजिक सुधारणांविषयी मनासारखे लिहिता येईना म्हणून आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांचे ‘मूकनायक’ निघाले, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. शाहू महाराजांनी २५०० रुपये दिले म्हणून आरंभ तरी झाला. १९२३ पर्यंत ते बंद पडले होते. १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ निघाले, तेही १९२९ मध्ये थांबले. त्यानंतर ‘जनता’, मग ‘प्रबुद्ध भारत’. एका देणगीवर पत्र सुरू होते, पण टिकायला वर्गणीदार लागतात आणि ते न मिळाल्याने थांबावे लागले तर पुन्हा नव्या नावाने उभे राहावे लागते. तुम्ही वर्गणी आधी मागा. महिना ५० रुपये देणारे २०० जण सापडेपर्यंत सर्व्हर घेऊ नका, आणि तोवर जुनी छायाचित्रे तारीख-ठिकाणासह दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवून ठेवा. तीन वर्षांचे काम एकाच कंपनीच्या भरवशावर ठेवले, ही चूक तुमचीही आहे.

नियमांचा मसुदा दोन पानांत बसव आणि मला पाठवण्याआधी माझ्या त्या कवीमित्राला दाखव. त्याला तुझ्याविषयी सांगून ठेवले आहे. तो अजून माझ्यावर रागावलेला आहे, त्यामुळे मसुदा तो माझ्याहून बारकाईने वाचेल.

तुझा,
सर