शुक्राणू 'तयार' कधी होतो?

प्रश्न असा आहे : 'शुक्राणू वृषणात तयार होतात' आणि 'अधिवृषणात परिपक्व होतात' अशी दोन वाक्यं लागोपाठ वाचली. तयार झालेला शुक्राणू परिपक्व नसतो का?

नसतो. घोळ 'तयार' या शब्दाचा आहे. 'भिंत तयार झाली' म्हणजे घडली. 'गळा तयार आहे' म्हणजे रियाजाने मुरला. 'मी तयार आहे' म्हणजे सज्ज. शुक्राणूच्या बाबतीत या तिन्हींचे मुक्काम वेगळे.

घडण वृषणातल्या बारीक नलिकांत होते. अर्धगुणसूत्री विभाजनाने ४६ गुणसूत्रांच्या एका पेशीपासून २३-२३ गुणसूत्रांच्या चार पेशी होतात. त्या गोल, बिनशेपटीच्या. त्यांना अजून शुक्राणू म्हणवत नाही. मग केंद्रक घट्ट आवळलं जातं, बराचसा पेशीद्रव टाकून दिला जातो, शेपूट फुटते. मुळापासून मोजलं तर माणसात या सगळ्याला ६४ ते ७४ दिवस लागतात. आणि एवढं होऊन जो बाहेर पडतो त्याला शेपूट असून पोहता येत नाही!

ते येतं अधिवृषणात. ही वृषणाला लागून असलेली, सुमारे ६ मीटर लांबीची, वेटोळी घालून बसलेली नळी. तिच्यातून सरकताना काही दिवसांत शुक्राणूच्या आवरणातली प्रथिनं आणि मेदद्रव्यं बदलतात. 'परिपक्व' हा शब्द इथला. मला स्वतःला 'मुरलेला' अधिक पटला असता. फळ आहे त्या फांदीवरही पिकतं. मुरायला मात्र दुसरीकडे जाऊन राहावं लागतं.

राहिलं सज्ज होणं. मादीच्या जननमार्गात काही तास काढल्यावरच शुक्राणू बीजांडात शिरू शकतो, हे १९५१ मध्ये चँग आणि ऑस्टिन या शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे दाखवलं. याला 'सक्षमीकरण' म्हणता येईल, पण तो शब्द सध्या भाषणांत अडकलाय.

जाता जाता, शुक्राणूसाठी 'शुक्रजंतू' हा शब्द चूक नव्हे, जुना आहे. १६७७ मध्ये लेव्हेनहूक या डच संशोधकाला सूक्ष्मदर्शकाखाली दिसले ते वळवळणारे जीवच वाटले होते, आणि संस्कृतात जंतू म्हणजे नुसता प्राणी. आज मात्र जंतू म्हटलं की औषध आठवतं, म्हणून 'शुक्राणू' बरा. लिहिताना सुटा शब्द दीर्घ, 'शुक्राणुनिर्मिती'सारख्या समासात ऱ्हस्व.