आजी आधी आडनाव का विचारते

ओवी बाळा,

परवा प्रोजेक्टसाठी तू आपल्या टाउनचा पाय चार्ट काढलास ना, सेन्ससच्या साइटवरून रेसचे, म्हणजे वंशाचे, आकडे घेऊन, जवळजवळ अख्खं वर्तुळ व्हाइट आणि एशियनची एक बारीकशी फाक, तेव्हा तू मला विचारलंस की आजीच्या गावाचा असा चार्ट काढला तर तो एकाच रंगाचा येईल ना, सगळे इंडियनच. आणि त्याच दमात दुसरा प्रश्न, आजीला फोनवर कुणाचंही नाव सांगितलं की ती आधी "आडनाव काय गं तिचं?" असं का विचारते. दोन्हीचं उत्तर एकमेकांत गुंतलेलं आहे आणि जेवताजेवता सांगण्यासारखं नाहीये, म्हणून लिहितेय. मराठीतच लिहितेय, कुठे अडलं तर बाबाला विचार.

आधी तुझ्या चार्टमधली आपली फाक बघ. ती नेहमीच तिथे नव्हती. 1920 ते 1940 या काळात इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, जनगणनेत भारतातून आलेल्या माणसाची रेस 'हिंदू' अशी लिहायचे, मग तो शीख असो की मुसलमान. 1970 ला आपल्या लोकांना व्हाइटमध्ये मोजलं, आणि 1980 ला फॉर्मवर 'एशियन इंडियन' हा वेगळा चौकोन आला. एकापेक्षा जास्त रेसवर खूण करायची मुभा तर 2000 सालापासूनची आहे. म्हणजे माणूस तोच, कातडी तीच, मोजणाऱ्याने खाना बदलला की तो दुसरा कुणीतरी होतो. आणि हा काही फक्त कागदावरचा खेळ नव्हता. 1923 मध्ये भगतसिंग थिंड नावाच्या माणसाची केस सुप्रीम कोर्टात गेली (आपले फाशी गेलेले भगतसिंग वेगळे). पहिल्या महायुद्धात तो अमेरिकेच्या सैन्यात होता, तरी त्याला नागरिकत्व मिळेना कारण तेव्हाच्या कायद्यात बसायला व्हाइट किंवा आफ्रिकी वंशाचं असावं लागायचं. त्याच्या बाजूने काय म्हणणं मांडलं गेलं माहितीये? की तो उच्च जातीचा आहे, आर्य आहे, म्हणून गोरा. कोर्टाने ते मानलं नाही, आणि आधी नागरिक झालेल्या कितीतरी भारतीयांचं नागरिकत्वही त्या निकालाने गेलं. मला त्या माणसाबद्दल वाईट वाटतं, पण त्याच्या युक्तिवादाबद्दल जास्त वाईट वाटतं, कारण इकडच्या दारातून आत शिरायला त्याने तिकडची जात पुढे केली.

आता आजीचं गाव. रेवदंड्याच्या जवळ, अलिबागपासून मुरूडपर्यंत जो किनारा जातो ना, मागच्या वेळी आपण गाडीने गेलो होतो तोच. इथल्या फॉर्मवर तिथले सगळे एकाच चौकोनात बसतील, तुझं म्हणणं बरोबर आहे. पण तिथे कोण कोण राहतं ते ऐक.

किनाऱ्याला कोळीवाडा. थोडं आत आगरी, ज्यांची भातशेती आणि मिठागरं. नारळी-पोफळीच्या वाड्या माळ्यांच्या, माडाची ताडी काढणारे भंडारी. मग ब्राह्मण, प्रभू, कोकणी मुसलमान, बौद्धवाडी, आणि डोंगराच्या कडेला कातकऱ्यांची वाडी. कातकरी पूर्वी खैराच्या झाडापासून कात काढायचे, जंगलं गेली तसं ते गेलं, आता कितीतरी कुटुंबं पावसाळा संपला की वीटभट्टीवर जातात आणि त्यांची पोरं तुझ्या वयाची असताना शाळेतून गळतात. हे सगळे तुझ्या चार्टवर एक रंग.

आणि मग बेने इस्रायल, म्हणजे आपल्या किनाऱ्यावरचे ज्यू, ज्यांच्याबद्दल तू परत परत विचारतेस. त्यांची सांगण्यातली गोष्ट अशी, की फार फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटलं आणि त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचे हे वंशज. ते तेलघाण्या चालवायचे आणि शनिवारी घाणी बंद ठेवायचे, म्हणून सगळा मुलूख त्यांना शनिवार तेली म्हणायचा. आडनावं बघ, रोहेकर, पेणकर, किहीमकर, नवगावकर, गावावरून पडलेली, आपल्यासारखीच. घरात बोलणार मराठी, बायका नेसणार नऊवारी, आणि शुभकार्य असलं की ओले पोहे, गूळ, खोबरं आणि फळं घालून मलिदा करणार तो एलियाहू हन्नबी या त्यांच्या प्रेषिताच्या नावाने. अलिबागला इस्रायल आळीत त्यांचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, अजून आहे, रेवदंड्यालाही आहे. आजीच्या लहानपणी त्यांची काही घरं होती, मग एकेक करत ती इस्रायलला गेली. आता गंमत म्हणून नाही, खरंच विचार कर, ते जर आपल्या टाउनमध्ये राहायला आले तर चार्टवर कुठे जातील? डीएनएच्या अभ्यासात त्यांचं मूळ मध्यपूर्वेचं आणि भारतातलं असं दोन्हीकडचं दिसलंय. इथली जनगणना धर्म विचारतच नाही, त्यामुळे ज्यू म्हणून ते दिसणारच नाहीत, एशियन इंडियन म्हणूनच दिसतील. आणि इस्रायलमध्ये गेल्यावर उलटंच झालं, तिथल्या धर्मगुरूंनी त्यांच्या लग्नांना हरकत घेतली, हे पुरते ज्यू आहेत का म्हणून, आणि ते सगळ्या अर्थाने ज्यूच आहेत असं 1964 मध्ये तिथल्या सरकारला जाहीर करावं लागलं. आणखी एक, जे मला कळलं तेव्हा फार बोचलं. त्या एवढ्याशा समाजातही गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असे दोन भाग होते, आणि गोरे काळ्यांशी लग्नं करायचे नाहीत.

रेवदंड्याची खाडी ओलांडली की कोर्लई. पोर्तुगीज चौल-रेवदंड्याला दोनशेच्या वर वर्षं होते, 1740 मध्ये मराठ्यांकडे ते गेलं, पण कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजमधून तयार झालेली एक बोली अजून बोलतात. बाजारात मराठी, घरात ती. आणखी खाली मुरूड, समुद्रात जंजिरा, तिथले नवाब सिद्दी, म्हणजे त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. शिवाजी महाराजांना आणि संभाजी महाराजांना जो किल्ला घेता आला नाही तो या लोकांनी राखला आणि त्यांचं संस्थान 1948 पर्यंत चाललं. इथल्या वर्गात आफ्रिकेतून बाहेर नेलेल्या माणसांची एकच गोष्ट शिकवतात, ती खरीच आहे आणि महत्त्वाची आहे, पण आपल्या किनाऱ्यावर त्यांच्यातले काही राज्यकर्ते झाले हेही तुला माहीत असलं पाहिजे.

मग आमच्याकडे मोजताना काय विचारतात? रेस नाही विचारत. धर्म, मातृभाषा, अनुसूचित जाती-जमातीत आहात का, एवढं. सगळ्या जातींचे आकडे शेवटचे निघाले 1931 ला, आणि आता 2027 च्या जनगणनेत पुन्हा जात विचारायचं सरकारने ठरवलंय. पण सरकारने एवढी वर्षं विचारलं नाही म्हणून लोक विचारायचे थांबले नव्हते गं. तेच ते आडनाव. आजीच्या पिढीतल्या माणसाला आडनाव आणि मूळ गाव सांग, तो मनात लगेच आळी शोधतो, मग जात, मग कुठे नातं लागतं का ते. बऱ्याचदा त्यात खरंच माया असते, "अगं मग ती आमच्या शेजारच्या अमक्याची नात!" असं म्हणून आजी किती खूश होते ते तू पाहिलंयस. पण तोच प्रश्न दुसऱ्या कुणाला विचारला की त्याला घाम फुटतो, भाड्याने घर मिळेल की नाही हे त्या उत्तरावर ठरतं. मी मुंबईत हॉस्टेलला असताना माझी एक रूममेट फक्त पहिलं नाव सांगायची, कुणी पुढे विचारलं की विषय बदलायची. मला कारण कळायला वेळ लागला, कारण मला कधी विषय बदलावा लागला नव्हता.

आणि हे किती खोल होतं ते आजीच्याच जिल्ह्यात बघ. रायगडला तेव्हा कुलाबा जिल्हा म्हणायचे. महाडला चवदार तळं आहे. नगरपालिकेने ते सगळ्यांना खुलं असल्याचं 1924 मध्येच ठरवलं होतं, तरी दलितांना तिथे पाणी घेता येत नव्हतं. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तिथे गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. त्यावर लोकांना मारहाण झाली, तळ्याचं म्हणे शुद्धीकरण केलं गेलं, कोर्टात खटला चालला आणि हायकोर्टाचा निकाल लागायला 1937 उजाडलं. पाण्यासाठी दहा वर्षं! पुढे 1956 ला बाबासाहेबांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि लाखो लोक त्यांच्यामागे गेले, म्हणून 2011 च्या जनगणनेत देशातल्या सुमारे 84 लाख बौद्धांपैकी 65 लाख एकट्या महाराष्ट्रात दिसतात. त्या आकड्याकडे बघताना मला अभिमान वाटतो, कारण बाकीचे खाने जन्माने मिळालेले, हा त्यांनी स्वतः निवडलेला.

तर रविवारी आजीचा फोन येईल तेव्हा तू तिला तिच्या आळीतल्या घरांची नावं विचार आणि लिहून घे, ती भडाभडा सांगेल, तुला हवा तो चार्ट होईल. पण पुढे हेही विचार की तुमच्या लहानपणी कोणत्या विहिरीवर कोण पाणी भरायचं आणि कुणाला लांब थांबून दुसऱ्याने ओतायची वाट बघावी लागायची. ती आधी थोडी गप्प होईल, तू घाई करू नकोस. तिला सगळं आठवतं, मला सांगितलंय तिने. आणि ती सांगेल ते प्रोजेक्टमध्ये घाल, फक्त तिला आधी विचारून.

तुझी आई