नैवाशाच्या गुलाबांवर फवारणीची जबाबदारी घेण्यापूर्वी

नाशिकच्या द्राक्षबागांतील अनुभवावर केनियातील नैवाशा येथे गुलाबाच्या फार्मवर पीकसंरक्षण व्यवस्थापक म्हणून यावे का, असे आपण विचारले आहे. मी इथे हेच काम करतो, म्हणून औषधांच्या धोक्याबद्दलच लिहितो. ‘क्लास डी’ वर्क परमिट मालकाने काढून द्यावे, एवढे बाकीच्या बाबतीत पुरे.

आपला अनुभव इथे अर्धाच उपयोगी पडेल. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रक रसायनाच्या अंशामुळे युरोपने आपली द्राक्षे नाकारली आणि नाशिकचा बागायतदार उर्वरित अंशांबाबत सावध झाला. गुलाब कोणी खात नाही, त्यामुळे तिथे खाद्यपिकांसारखी अंशमर्यादा नाही. युरोपात तपासणी होते ती मुख्यतः फॉल्स कॉडलिंग मॉथसारख्या किडीची, आणि एक अळी सापडली तरी माल अडकतो. साहजिकच फवारणी वाढवण्याकडे कल राहतो, आणि तिचा भार फवारणाऱ्यावर व तोडणी करणाऱ्या बायकांवर पडतो. विषुववृत्ताजवळ वर्षभर तोडणी चालत असल्याने लाल कोळी, फुलकिडे आणि केवडा रोग यांनाही खंड नसतो. फवारणीनंतर हरितगृहात पुन्हा शिरण्यापूर्वी ठरावीक अवधी जाऊ द्यावा लागतो. व्हॅलेंटाइनच्या आधीच्या आठवड्यांत पॅकहाऊसचा तगादा लागला की पहिला बळी याच अवधीचा जातो.

म्हणून फवारणी थांबवण्याचा आणि हरितगृह बंद ठेवण्याचा अधिकार आपल्याला नेमणूकपत्रातच मिळतो का, हे विचारा. ऑर्गॅनोफॉस्फेट व कार्बामेट गटांतील कीटकनाशके हाताळणाऱ्यांच्या रक्तातील कोलिनेस्टरेजची (या औषधांमुळे दबणाऱ्या विकराची) तपासणी काम सुरू होण्यापूर्वी होते का, हेही विचारा. प्रत्येकाची मूळ पातळी वेगळी असल्याने तिच्या नोंदीशिवाय पुढच्या आकड्यांवरून फारसे कळत नाही. लाल कोळीवर फायटोसियुलस हा परभक्षी कोळी सोडणारा फार्म मला अधिक भरवशाचा वाटतो, कारण तो जगवायचा तर जहाल औषधांना आपोआप आवर बसतो. उकाड्यामुळे संरक्षक पोशाख सोसत नाही, ही सबब मात्र मान्य करू नका. नैवाशा सुमारे १,९०० मीटर उंचीवर आहे आणि सकाळी इथे स्वेटर लागतो.

फाटकाबाहेरची स्थिती अधिक बिकट आहे. आफ्रिकेत २०१६ मध्ये अमेरिकन लष्करी अळीची पहिली नोंद झाली, पुढच्याच वर्षी ती केनियाच्या मक्यावर आली, आणि ॲग्रोव्हेटच्या (शेती व जनावरांच्या औषधांच्या) दुकानातून आणलेले औषध हातमोज्यांशिवाय पाठपंपाने मारणारे शेतकरी सर्रास दिसू लागले. २०१७ मध्ये यवतमाळात कपाशीवर फवारताना वीसहून अधिक जण दगावले, त्या पार्श्वभूमीवर हे दृश्य आपल्याला अनोळखी वाटणार नाही. नैरोबीची इसिपे ही कीटक संशोधन संस्था मक्यात कीड दूर ठेवणारे डेस्मोडियम व कडेने तिला ओढून घेणारे नेपियर गवत लावण्याची पद्धत शिकवते. आपले मजूर घरी मका पिकवतात, त्यांना ती जरूर दाखवावी. वरच्या दोन प्रश्नांची उत्तरे मात्र लेखी घ्या, आणि ती मिळेपर्यंत नाशिकची नोकरी सोडू नका.